न खाल्लेली कैरी

तमिळ मुलखातल्या मैलापूरच्या तळ्यामागच्या गल्लीत तुळजाजींसारखा जिभेचा चटोर माणूस शोधून सापडायचा नाही, असं सगळे म्हणत. ही कीर्ती त्यांनी स्वतःच खोटं बोलून कमावली होती.

एचआयव्ही झाल्याचं कळलं तशी आवडीची नोकरी सोडून ते घरी बसले. भाऊबंद पांगले. उरली ती थोरली बहीण, सकवारबाई अक्का. अक्कानं भावाला जवळ केलं, त्याचं ताट वेगळं मांडलं नाही. सोवळं मात्र तसूभरही सोडलं नाही.

तांबरमच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, अंगातली ताकद घटलीय, दुसऱ्याला जे सहज पचतं ते तुम्हाला आडवं करील. गोळ्या चुकवू नका, हात साबणानं धुवा, रस्त्यावरची कापलेली फळं बंद, पाणी उकळूनच. पुन्हा जोराचे जुलाब झाले तर निभावणं कठीण.

तुळजाजींनी सगळं पाळलं, एक पाणी सोडून. ते अक्काच्या हातात होतं. ओलेत्यानं परसातल्या विहिरीचं पाणी काढायचं, तांब्याच्या हंड्यात भरायचं आणि जेवताना स्वतः पेल्यात ओतून द्यायचं. विहिरीच्या भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचं गटार वाहायचं. पण अक्काच्या लेखी विहीर म्हणजे तीर्थ आणि उकळून ठेवलेलं पाणी म्हणजे शिळं. शिवाय या घरात पेल्याला ओठ लावायची रीत नव्हती, पाणी वरून घशात सोडायचं. मग रोग शिरेलच कुठून, असा तिचा बिनतोड सवाल.

सगळ्यांनी टाकलेल्याला जिनं घरात घेतलं, तिला कसं सांगायचं की बाई गं, तुझ्याच हातचं पाणी मला बाधतंय? तुळजाजींची जीभच रेटेना. पोट बिघडलं की ते नवं पाप रचायचे. कधी भजी, कधी तळ्याकाठची तिखटमीठ लावलेली कैरी. एकदा तर पुराव्यादाखल रुमालाला तिखट फासून आले. अक्का शिव्यांची लाखोली वाहायची आणि लबाड तुळजाजी मान खाली घालून मिटक्या मारायचे.

यंदा मात्र जुलाबांनी त्यांचा पार चोथा केला. उठून उभे राहिले तशी अक्कानं मनगट धरून त्यांना कैरीवालीसमोर नेलं आणि तिच्यावर तोंडसुख घेतलं. कैरीवाली चक्रावली. हे रोज येतात, वास घेतात, थट्टा करतात नि जातात, आजवर एक फोड घेतली नाही, डॉक्टरनं मना केलंय म्हणतात, असं तिनं तमिळमध्ये सुनावलं.

अक्का त्यांना घेऊन घरी परतली. उंबऱ्यात थांबून तिनं विचारलं, "मग तुझं पोट कशानं बिघडतं रे?"

तुळजाजी नवी थाप जुळवायला लागले. नजर चुकून हंड्याकडे गेली. अक्कानं ती पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोवळ्याच्या चुलीवर पाणी खळखळत होतं. ओलेती अक्का समोर बसून होती, डोळे सुजलेले. पाणी निवल्यावर तिनं आधी देवापुढे ठेवलं.

"देवाचं वय झालंय," ती म्हणाली. "कच्चं पाणी त्याला सोसत नाही. आता तू घे."

चव गेली की गं पाण्याची, असं काहीतरी खवचट बोलायचं तुळजाजींच्या मनात होतं. पण तिचे सुजलेले डोळे दिसले आणि वरून धार धरायचंही भान राहिलं नाही. त्यांनी पेला सरळ ओठांना लावला.

अक्कानं तो उष्टा पेला तसाच पुन्हा भरला.