दोन चकत्यांमधली पट्टी

रतिलाल धुळ्याच्या एका इस्पितळातल्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं तंत्रज्ञ होता. रुग्णाच्या रक्तातले जंतू प्लेटवर वाढवायचे, त्यांच्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. औषध लागू असलं तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. नसलं तर जंतू चकतीला खेटून वाढतात.

फेब्रुवारीत त्याच्या हातात आली ती थोरल्या बहिणीची प्लेट. आई गेल्यावर प्रमिलाबाईनेच त्याला वाढवलं होतं. ती दोंडाईचाजवळच्या खेड्यात राहायची. मुतखड्याच्या ऑपरेशनपासून तिला थंडी वाजून ताप यायचा. गावातला डॉक्टर इंजेक्शन आणि गोळ्या द्यायचा, दोन दिवस बरं वाटायचं, उरलेल्या गोळ्या डब्यात पडून राहायच्या. असे चार महिने गेले. धुळ्याला आणलं तेव्हा ती माणसं ओळखत नव्हती.

रतिलालने झाकण उघडलं. एकाही चकतीभोवती वर्तुळ नव्हतं. आपलंच काही चुकलं म्हणून त्याने सगळं पुन्हा केलं. तेच आलं.

डॉक्टरांनी कोलिस्टिन हे शेवटचा उपाय म्हणून राखलेलं अँटिबायोटिक सुरू केलं, कारण हाताशी तेवढंच उरलं होतं. हे औषध मूत्रपिंडांना झेपेलच असं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. चौथ्या दिवशी प्रमिलाबाईची लघवी थांबली. ताप हटला नव्हताच. ती मधूनच शुद्धीवर यायची.

"भाऊ, माले घर लई चाल."

"औषध शे, अक्का," रतिलाल म्हणाला. औषध नव्हतं.

तो तडक प्रयोगशाळेच्या प्रमुख नूतन मॅडमकडे गेला. "मॅडम, काहीतरी सांगा. मला माझ्या बहिणीला असं मरताना बघवत नाही."

मॅडम म्हणाल्या, "दोन औषधं एकत्र देऊन बघता येतील. एकटं कुठलंच चालत नाही, पण जंतू जे औषध तोडून टाकतो, त्याला दुसरं वाचवतं. दोन्हींच्या चकत्या शेजारी शेजारी ठेवा."

त्याने ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन चकत्यांच्या मधोमध नखाएवढी स्वच्छ पट्टी दिसली. रतिलाल तिथेच खाली बसून रडला.

औषधं नाशिकहून मागवली. ती सुरू केल्यावर पाचव्या दिवशी ताप उतरला. मूत्रपिंडं मात्र परत चालू झाली नाहीत.

आता प्रमिलाबाई धुळ्याला भावाकडेच असते. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही आता कायमचं. प्यायला मोजकं पाणी. मशीनवरून आली की भिंतीकडे तोंड करून पडून राहते. परवा तिने विचारलं, "हाई कितला दिन, भाऊ?"

रतिलालला उत्तर माहीत होतं. तो तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चेपत राहिला. तिने पुन्हा विचारलं नाही.