निवळीचा अंदाज

लाखनीजवळच्या राइस मिलमध्ये बाबा धान उसनायच्या, म्हणजे भिजवून उकडायच्या, कामावर होते. उसना तांदूळ करायचा तर धान आधी हौदात भिजत घालावं लागतं, आणि मग ते भुरकट, आंबूस पाणी नाल्यात सोडून देतात. बाबा घरी आले की अंगाला तोच वास. शाळेत असताना मला त्याची लाज वाटायची. आता मिलवरून जाताना मी गाडीची काच मुद्दाम खाली करते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. एम.एस्सी. केलं, आणि शिकले ते त्याच पाण्याबद्दल. त्या पाण्यात शेवाळाचं खाणं असतं. एकेक कण डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक शेवाळ. ते वाढता वाढता पाणी साफ करतं, आणि वाळवलं तर माशांचं खाद्य होतं. मिलमालकांनी एक जुना हौद दिला. अट एकच: उन्हाळ्यापर्यंत हौदाने आपला खर्च आपण काढायचा, नाहीतर बुजवायचा.

"लोकं शेवाळ खरडून फेकतेत, अन् माही पोरगी पिकवून राहिली," बाबा हमालांना सांगायचे. "एवढं शिकूनशान!" पण सांगताना आवाज मोठाच असायचा.

शेवाळ आलं. आधी पोपटी, मग गर्द. अडलं ते बाहेर काढण्यात. फडक्यातून ते पाण्यासोबतच निसटायचं. वेगळं करायला गरगर फिरणारं यंत्र लागतं, आणि भुकटीचे जेवढे पैसे येणार त्याहून जास्त त्याची वीज खाणार. तलावावर मासे पाळणारे ढीवर भुकटी घ्यायला तयार होते, पण बाजारातल्या खाद्याच्याच भावात. हिशेब कसाही मांडला तरी यंत्र आलं की तोटा.

पाणी तपासायला दोन दिवस नागपूरला गेले. परत येऊन पाहते तर हौदावरचा हिरवा रंग गायब. बाबांनी निवळीच्या बिया पाट्यावर उगाळून हौदात ओतल्या होत्या. गढूळ पाणी नितळ व्हावं म्हणून आमच्याकडे माठात उगाळतात, तशाच. त्यांना वाटलं, पोरीचं पाणी नासलं.

"सगळं मारलं तुमी! समजत नाही तं हात काहून लावता?" मी सगळ्या हमालांसमोर ओरडले.

बाबा पाटा धूत होते. "मेलं नाही वो माय. बुडाशी बसलं. पाह्य तं खरी."

मी पाहिलं नाही. ते पाटा उचलून घरी गेले.

संध्याकाळी वरचं पाणी सोडलं. तळाशी आंबिलीसारखा दाट हिरवा थर होता. दुसऱ्या दिवशी तो गोणपाटावर पसरला आणि उन्हात वाळवला. ना यंत्र, ना वीज. हौद वाचला.

माफी मात्र मी मागितली नाही. "बाबा, पुन्हा उगाळान का?" एवढंच म्हटलं.

"मले तं समजत नाही ना," ते म्हणाले, आणि सकाळी माझ्याआधी हौदावर हजर.

दोन वर्षं त्यांनी उगाळलं. उगाळताना मध्येच थांबायचे, पाण्याकडे बघायचे, आणि म्हणायचे, "पुरे." मी विचारलं, किती बिया? म्हणाले, "पाणी सांगते तेवढ्या." मला रागच आला. शिकलेल्या माणसाला हे काय उत्तर झालं? एकदा बिया तोलून लिहून ठेवू म्हटलं. ते राहून गेलं. मागच्या हिवाळ्यात बाबा गेले.

आता मी काट्यावर तोलते. निवळी कमी पडली तर पाणी हिरवं राहतं, आणि जास्त झाली तरी हिरवंच राहतं. पाणीही रोज सारखं नसतं. धान बदललं की तेही बदलतं. चार खेपा वाया गेल्या. मालक परवा हौदाभोवती फिरून गेले, "यंत्र घेता, की बुजवू?"

काल काटा आत ठेवला आणि बाबांचा पाटा घेऊन हौदाच्या कडेला बसले. उगाळत गेले. मध्ये थांबून पाण्याकडे पाहिलं, पुन्हा उगाळलं, पुन्हा पाहिलं. हात भरून आले तरी पुरे म्हणायला जीभ उचलेना.