बीटबाईंचा चष्मा

सुई थांबेपर्यंत बीटबाई श्वास घेत नसत. भंडाऱ्यातल्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राला एकच कलरीमीटर. त्याचा दिवा लागला की पंखे बंद, खोकला बंद आणि बाईही बंद. सुई आकड्यावर टेकली की त्या "हं" म्हणायच्या. मग आम्ही सगळे जिवंत व्हायचो.

बीट त्या स्वतः बाजारातून निवडून आणत. डाग नको, भेग नको. एकदा भाजीवाली वैतागली, "मॅडम, बीट घेऊन राहिल्या का सून पाहून राहिल्या?"

"सून एखादवेळेस सांभाळून घेईल वं बाई. बीट नाही घेत."

बिटाच्या चकत्या थंड, कोमट, गरम पाण्यात ठेवायच्या. उष्णतेनं पेशीचा पडदा फाटला की लाल रंग पाण्यात उतरतो. ते पाणी नळीत भरून त्यातून प्रकाश सोडायचा. रंग जितका जास्त, तितका प्रकाश अडणार आणि सुई वर चढणार. पण आधी चकत्या खळखळून धुवायच्या. "ते सुरीनं काढलेलं रक्त. वाहू द्या. मागाहून निघते ते पडद्याचं बोलणं." आणि यंत्रात ठेवण्याआधी नळी पुसायची. "उजेडाले तुमची बोटंही दिसतात बापा!"

प्रात्यक्षिकाला मी दुसऱ्यांदा बसत होतो. आमचं पितळी भांड्यांचं दुकान. निघताना बाबा म्हणाले, "या खेपेले गेला तं जन्मभर दुकानात गुंड-घागरी पुसत बसजो." घाबरलो की मला भूक लागते. कॅन्टीनमध्ये कोथिंबीर भरलेली तेलकट सांबारवडी हाणली, हात पँटला पुसले आणि परीक्षेला उभा राहिलो.

कोमट पाण्याचा आकडा मिळाला. मग थंड पाण्याची नळी ठेवली, तर सुई त्याच्याही पुढे! नागपूरहून आलेले परीक्षक वाकले. "थंड पाण्यात पडदा जास्त फाटला?"

"सर, भंडाऱ्याची थंडी..." मी म्हणालो. अजून आठवलं की कान गरम होतात.

"पुन्हा घ्या. एकदाच."

मी बाईंकडे पाहिलं. परीक्षेत त्यांना बोलायची बंदी. खिडकीपाशी त्या श्वास रोखून उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं काच पुसू लागल्या. एक बाजू. दुसरी बाजू. मग उजेडाकडे धरून पाहिली. मला वाटलं, माझ्यापायी रडताहेत. आणि मग टाळक्यात उजेड पडला. नळी उचलली, तर काचेवर माझा तेलकट अंगठा ऐसपैस पसरलेला! पितळ पुसायची पाळी येऊ नये म्हणून शिकत होतो, आणि बुडत होतो काच न पुसल्यानं.

नळी रुमालानं लख्ख केली, ठेवली. सुई थरथरली, घुटमळली आणि पार खाली टेकली. खिडकीपाशी "हं" झालं.

निकालानंतर विचारलं, "मॅडम, चष्मा माझ्यासाठीच पुसला ना?"

"शिंतोडा होता बापा. कायले इतका मोठा समजून राहिला स्वतःले?"

बाई गेल्याचं मला लाखांदूरला उशिरा कळलं. इथल्या कॉलेजात मीच आता बीट शिकवतो. परवा परीक्षेत एका पोरीनं चिवड्याच्या हातानं नळी उचलली. मी खिडकीपाशी गेलो, चष्मा काढला, सावकाश पुसला.

माझ्या चष्म्याला नंबर नाही.