अकराव्या बोअरची पेटी

आत्या चिडली की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली येई. शंखजिऱ्याचे, म्हणजे टाल्कम पावडरच्या दगडाचे, साठे शोधणाऱ्या एका कंपनीत ती अठरा वर्षं कोअरची शेड सांभाळत होती. ड्रिल मशीन डोंगरातून दगडाच्या लांब कांड्या, म्हणजे कोअर, काढी. आत्या त्या पेट्यांत ओळीने लावी, खोली लिही, करवतीने उभ्या चिरी. एक फाक प्रयोगशाळेत जाई, दुसरी शेडमध्ये राही. दगडावर आधी नख मारायची तिची सवय. ओरखडा उठून बोट साबणासारखं सटकलं की शंखजिरं. म्हणून सगळे तिला नखबाई म्हणत.

मला तिनेच समजावलं होतं. "हा डोंगर डोलोमाइटचा, म्हणजे मॅग्नेशियम आयतंच. खालून सिलिका विरघळलेलं कढत पाणी भेगांतून वर आलं आणि दगडाचं शंखजिरं झालं. ते शोधायचं तर आधी भेग शोध. पण उष्णता वाढली की तिथेच ट्रेमोलाइट तयार होतं, ॲस्बेस्टॉसचीच एक जात. त्याचे तंतू छातीत गेले की मुक्कामालाच."

आतोबा याच डोंगरावर ड्रिलर होते. छातीच्या आजाराने गेले.

पूर्वेकडच्या अकराव्या बोअरमध्ये बासष्ट मीटरवर पांढराशुभ्र दगड लागला. नख सटकलं, पण कडेला टोचलं. भिंगाखाली बारीक सुयांचा गुच्छ दिसला. आत्याने नोंदवहीत तसं लिहिलं.

मोठे साहेब, म्हणजे तिथले मुख्य भूवैज्ञानिक, तावातावाने आले. "ते खोडा. परवा पावडरवाले माल बघायला येतायत."

"दिसलं ते लिहिलंय."

"तुमचं काम पेट्या उचलायचं आहे. दगड ओळखायला मी आहे."

"मग ओळखा ना!" आत्या इतक्या हळू बोलली, की साहेबांना पुढे वाकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या जागी वेगळीच पेटी होती. आत नवव्या बोअरचा स्वच्छ दगड आणि वर अकराचा आकडा, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहान मुलांच्या अंगाला लावायच्या पावडरीत हे जाणार! तिने शेडमागचा राडारोडा उपसला. खरी पेटी तळाशी सापडली. धूळ उडू नये म्हणून तिने कोअर ओल्या फडक्यात गुंडाळलं.

पावडरवाले आले तेव्हा साहेब नकाशा उलगडत होते. आत्याने नकाशावरच पेटी ठेवली.

"अकरावा बोअर हा आहे. तुम्हाला दाखवला तो नववा."

साहेब ओरडले, "बाहेर व्हा!"

पाहुण्यांमधल्या भूवैज्ञानिक बाईंनी भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं आणि आधी मास्क मागितला. मग म्हणाल्या, "पूर्वेकडचे सगळे बोअर दाखवा."

महिन्याभरात पूर्वेकडची बाजू बंद झाली. आत्याला शिस्तभंगाच्या नावाखाली त्याआधीच घरी बसवलं होतं. साहेबांना मात्र बढती मिळाली. पश्चिमेकडचं काम आता त्यांच्याच हाताखाली चाललंय.

"निदान अर्धा डोंगर तरी बंद पाडलास," मी एकदा म्हटलं.

"आणि उरलेल्या अर्ध्यात नख कोण मारतंय? तो साहेब?"

खाण खात्याला तिसरं पत्र तिने माझ्याकडून लिहून घेतलं. मी सुरुवातीला 'नम्र विनंती' लिहिलं. तिने कागद टराटरा फाडला.

"विनंती कसली करतेस? जाब विचार."