इटलीच्या रेघेचा उतार

टाळेबंदीच्या आदल्या आठवड्यात नांदेडचं माझं कॉलेज बंद झालं आणि मी अहमदपूरला आई-अण्णांकडे आले. मी संख्याशास्त्र शिकवते. माझी ताई तेव्हा इटलीत नोकरीला होती आणि तिकडच्या टाळेबंदीत खोलीत अडकली होती. टीव्हीवर तिकडच्या बातम्या लागल्या की आईचा घास घशाखाली उतरत नसे.

तिला धीर यावा म्हणून मी लॅपटॉपवर आलेख करायला घेतला. देश निवडायचा, की त्याच्या रोजच्या नव्या कोरोना रुग्णांची रेघ उमटायची. रेघेवर बाण नेला की त्या दिवसाचा आकडा दिसायचा.

अण्णा निवृत्त भूगोल शिक्षक. ते चष्मा पुसत म्हणाले, "एवढासा देश आन् एवढा मोठा देश, दोन्ही एकाच मापानं मोजायलीस?"

खरंच होतं. मी लाख लोकांमागे किती रुग्ण, ते दाखवणारं बटण बसवलं. ते दाबताच रेघा उड्या मारून जागा बदलायच्या. अण्णांना हे इतकं आवडलं, की लॅपटॉप माझ्या हाती लागेना. जन्मभर भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवलेला माणूस! पेरू, घाना, नॉर्वे असे देश निवडायचे आणि तिथलं हवामान, पिकं सगळं आम्हाला ऐकवायचे.

आई मात्र इटलीवरून हलेना. एका सकाळी धपाट्याचं पीठ लागलेल्या हातानंच ओरडली, "अगं, परत वर गेली की!"

"आई, सुट्टीच्या दिवशी तपासण्या कमी होतात. म्हणून रेघ खाली येते अन् मग वर जाते."

"मग मी रोज घाबरू व्हय? करवतीचे दातच हायेत नुसते!"

मी सात-सात दिवसांची सरासरी घेतली. दात गेले. एकच गुळगुळीत रेघ राहिली, आणि ती सावकाश खाली उतरत होती. आई कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत राहिली. "उतार लागलाय," एवढंच म्हणाली आणि त्या दिवशी तिनं दोन धपाटे जास्त खाल्ले.

आमची स्वतःची, भारताची रेघ अजून चढत होती, ते तिला दिसत होतंच. मास्क लावल्याशिवाय ती अण्णांना फाटकाबाहेर पाऊल टाकू देत नसे.

मग एका संध्याकाळी ताईचा व्हिडिओ कॉल आला. मागे नेहमीची खोलीची भिंत नव्हती, मोकळा चौक होता, झाडं होती. ताईच्या हातात आइस्क्रीम होतं.

"आई, बघ! बाहेर आलेय!"

"मला ठाऊक हाय," आई रुबाबात म्हणाली. "तुझ्या सरकारनं सोडायच्या आधीच मी तुला सोडणार होते."

ताई इतकी हसली, की आइस्क्रीम तिच्या बाहीवर सांडलं. अण्णा मागून विचारत होते, "चौकातली झाडं कशाची हायेत? जरा फोन वळव की!"