एक अक्षर नको, इंजिनिअर!

दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून, बगलेत वर्तमानपत्राची सुरळी धरून ते रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येत आणि मला पाहताच दुरूनच ओरडत, "एक अक्षर नको, इंजिनिअर! माझ्यासाठी सामना अजून सुरूच झालेला नाही!"

ड्रोहेड्यातल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे 'यँक' म्हणत. अमेरिकेत जन्म घालवून परतलेल्या माणसाला आयर्लंडमध्ये हे नाव आपोआप चिकटते. ऐन विशीत ते तिकडे गेले, एकाच शहरात राहून लोकांच्या घरांवर छपरे घातली, तिथल्याच मुलीशी लग्न केले आणि ती गेल्यावर मागे कुणीच न उरल्यामुळे मायदेशी आले. त्या शहराच्या बेसबॉल संघावरची निष्ठा मात्र त्यांनी सोबत आणली.

ते आता इथे राहत नाहीत. का राहत नाहीत, याच्या दोन कथा गल्लीत प्रचलित आहेत. माझा मुलगा म्हणतो, संघ हरत राहिला म्हणून त्यांचे मन उडाले. दुकानाच्या बाई म्हणतात, एकट्याला घर झेपेना म्हणून ते एनिसला बहिणीकडे गेले. दोन्ही कारणे साफ खोटी आहेत. मुलाकडे इथे राहायला येण्याआधी मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे काढली आहेत. धरण कुठे फुटले हे मला लोकांनी सांगावे लागत नाही.

हरण्याचे म्हणाल, तर तो संघ हरण्यासाठीच जन्मला होता. तिकडचे सामने आपण झोपेत असताना होतात. ते रात्री यांच्या टीव्हीत रेकॉर्ड होत आणि न्याहारीनंतर यांच्या बैठकीत जणू त्या क्षणी घडत. पडद्याच्या तळाशी बातम्यांची पट्टी सरकते, तिथे त्यांनी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवला होता. आवाज बंद. "समालोचकाच्या गळ्यावरून निकाल कळतो," असे त्यांचे मत होते. संघ हरला की ते पेन्सिल कानावर खोचत आणि म्हणत, "ग्रँड. उद्या आहेच की." इथल्या बोलीत ग्रँड म्हणजे नुसते 'ठीक आहे'. एका मोसमात मी हे 'ग्रँड' लागोपाठ अकरा सकाळी ऐकले आहे. अकराव्या सकाळी चहात दूध घालायचे राहिले, एवढाच फरक.

सामना पाहून झाला की ते दुकानात जाऊन काउंटरवर थाप मारत. "हं, आता सांगा!" बाई बिचाऱ्या निकाल सांगत, आणि हा गृहस्थ, ज्याने चेंडू न् चेंडू वहीत टिपलेला असे, भुवया उंचावून म्हणे, "काय सांगता!" ज्या वर्षी संघ अंतिम फेरीच्या दारापर्यंत पोहोचला, त्या वर्षी त्यांनी तो निकाल दुकानात तीनदा सांगायला लावला. मग माझ्या फाटकाशी येऊन माझे दोन्ही हात धरून त्यांनी मला गोल फिरवले. मी असल्या प्रकारांना सरावलेला नाही, तरीही फिरलो. दोन दिवसांनी त्या संघाने दाराशी जाऊन दार स्वतःच लावून घेतले. "ग्रँड," ते म्हणाले.

माझा त्यांच्याशी परिचय भांडणातून झाला. नागपुरात मी क्लबच्या सामन्यांचा गुणलेखक होतो, हे मी अभिमानाने सांगितले. त्यांनी विचारले, "पाच दिवस खेळून निकाल नाही? आणि प्रेक्षक घरी जातात? शांतपणे?" मी त्यांना क्रिकेटची थोरवी तासभर ऐकवली. उत्तरादाखल त्यांनी आपली वही पुढे केली.

वही पाहून मी खुर्ची जवळ ओढली, हे मान्य करतो. एका पानावर पूर्ण सामना, प्रत्येक फलंदाजापुढे लहान लहान चौकटी. ही विद्या त्यांना पत्नीने शिकवली होती. तिच्या उरलेल्या पेन्सिली ते स्वयंपाकघरातल्या 'प्रेस'मध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) चहाच्या डब्यामागे ठेवत. त्यातली एक त्यांनी मला दिली.

"चौथ्या जागी कोण येतो, ते बघा," ते शिकवत. "संघ ज्याच्यावर विसंबतो, तो. आणि हा के. तीन चेंडू हुकले आणि बाद झाला, की के. बॅट फिरवली आणि चुकली, तर सरळ के. बॅट फिरवलीच नाही, चेंडू समोरून जाताना नुसता बघत उभा राहिला, तर उलटा के."

"बाद तो बाद," मी म्हणालो. "अक्षर उलटे कशाला?"

"हे तिच्यासमोर म्हणाला असतात, तर चहा मिळाला नसता. उलटा के लिहिताना ती पेन्सिल इतकी दाबायची की कागद फाटायचा."

त्या संघाच्या मैदानाच्या प्रवेशद्वाराशी फरसबंदीत त्यांच्या पत्नीच्या नावाची एक वीट होती. तिथे चाहत्यांना आपल्या माणसाचे नाव कोरून घेता येई. तिचीच तशी इच्छा असल्याने तिचे दफन केले नव्हते. राख नदीत सोडली. त्यामुळे तिचे नाव जगात एकाच दगडावर होते, आणि त्यावरून दर सामन्याला हजारो लोक चालत जात. "तिला गर्दी आवडायची," ते म्हणत.

आता जे सांगतो, त्यात मी कुणालाही सूट देत नाही.

गेल्या मे महिन्यात मुलगा सँट्री भागातल्या त्याच्या ऑफिसातून घरी आला आणि फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "बाबा, यँकचा संघ चालला. मालक सगळं उचलून दुसऱ्या शहरात नेतोय. हा तिथला शेवटचा सीझन." दुसऱ्या दिवशी दुकानाच्या बाईंनी मला बाजूला घेतले. त्या छोट्या बातमीचे पान त्यांनी यँकच्या वर्तमानपत्रातून काढून ठेवले होते. बेसबॉलची बातमी असली की त्या नेहमीच तसे करत. ती आमच्या गल्लीची रीतच होती. त्यांना निकाल कळू द्यायचा नाही.

"हे तरी सांगायचं का हो?" बाईंनी विचारले.

"नियम तो नियम," मी म्हणालो. हो, मीच म्हणालो. माझा मुलगा आज सांगतो की सगळ्यांनी मिळून ठरवले. सगळ्यांनी काही ठरवले नाही. मी ठरवले आणि बाकीच्यांना सुटल्यासारखे वाटले.

पूर्ण उन्हाळा मी त्यांच्या शेजारी बसून गुण लिहिले. जुलैमधल्या एका सामन्यात एक अख्खी गॅलरी मैदानाकडे पाठ करून उभी होती. पुठ्ठ्याने ते झाकले नव्हते. ते खुर्चीतून पुढे वाकले.

"इंजिनिअर, ही माणसं पाठ फिरवून का उभी आहेत?"

चेंडू माझ्यासमोरून सरळ जात होता. "कोण जाणे," मी म्हणालो. "एखादी प्रथा असेल."

"पस्तीस वर्षांत अशी प्रथा पाहिली नाही," ते म्हणाले. क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा पेन्सिल उचलली, कारण गुणलेखकाने गुणलेखकावर विश्वास ठेवायचा असतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते फाटकाशी आले, तेव्हा हात कानांवर नव्हते. हातात एक पाकीट होते. अमेरिकेतल्या जुन्या पत्त्यावर जाऊन, तिथून फिरत फिरत ते आले होते. मैदान पाडले जाणार असल्याने ज्यांना आपली वीट हवी असेल त्यांनी ती अमुक तारखेपर्यंत प्रवेशद्वारातून घेऊन जावी, असे त्यात छापले होते. ती तारीख नऊ दिवसांपूर्वी उलटली होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मे."

त्यांनी दुकानाकडे पाहिले. बाई काचेमागून आत सरकल्या.

"सगळ्यांना?"

"तुमचाच नियम होता," मी म्हणालो. आयुष्यभराची वाद जिंकण्याची सवय अशा वेळीही सुटत नाही. "एक अक्षर नको, असं तुम्हीच रोज सांगत होता."

"ते सामन्याबद्दल होतं," ते अगदी हळू म्हणाले. "मालकाने मला फसवलं, त्याचं काही नाही. तो मला ओळखत नाही. मेमध्ये कळलं असतं तर मी गेलो असतो. शेवटचा सामना तिथे बसून लिहिला असता. वीट मांडीवर घेऊन विमानात बसलो असतो."

माझ्यापाशी उत्तर होते. उत्तर माझ्यापाशी नेहमीच असते. पण ते वळून घरात गेले आणि दाराचा आवाजही झाला नाही.

त्यानंतर आठवडाभराने पुठ्ठा कचऱ्याच्या डब्यावर पडलेला दिसला. महिनाअखेर बहिणीची मोटार आली. मी फाटकापर्यंत गेलो. त्यांनी मान हलवली. परक्या माणसाला हलवतात तशी. "ग्रँड" म्हणाले नाहीत. उद्या आहे, असेही नाही.

म्हणून मी म्हणतो, संघाच्या हरण्याचा इथे काही संबंध नाही. घराचाही नाही. दुकानाच्या बाई अजून म्हणतात, "आपण तर त्यांच्या भल्यासाठीच केलं." त्यांना मी दर वेळी तोंडावर सांगतो की आपण ते आपल्या सोयीसाठी केले. रडणारा म्हातारा समोर बसलेला कुणालाच नको होता.

मागच्या आठवड्यात एनिसचा शिक्का असलेले पाकीट आले. आत पत्र नव्हते. वहीतून फाडलेले एकच पान होते. फलंदाजांच्या रकान्यात नऊ नावे: दुकानाच्या बाई, टपालवाला, माझा मुलगा, आणि अशीच गल्लीतली आणखी माणसे. चौथ्या जागी 'इंजिनिअर'.

प्रत्येकापुढच्या चौकटीत उलटा के.

मुलाने पान पाहिले आणि हसून म्हणाला, "बाबा, म्हणजे राग गेला त्यांचा. गंमत केलीय." एरवी मी त्याला तिथल्या तिथे खोडून काढले असते. मी चष्मा पुसला आणि पान खिडकीच्या उजेडात धरले. चौथ्या ओळीतल्या चौकटीतून पलीकडचा रस्ता दिसत होता. तिथे कागद फाटला होता.