मांगूर की शिंगी

मांगूर आणि शिंगी, दोन्ही मासे काळे. दोघांना मिशा. अंगावर खवले नाहीत, हातातून साबणासारखे सटकतात. पाण्याबाहेर काढले तरी लवकर मरत नाहीत. मांगूरचा काटा टोचला तर माणूस एक शिवी हासडतो आणि कामाला लागतो. शिंगीच्या काट्यात विख असतं. ती टोचली तर माणूस गडाबडा लोळतो.

चाळीस वर्षं तापीत गळ टाकला, पण दोघांतला फरक मला सांगता येत नव्हता. खोटं कशाला बोलू. मी मासे आणायचो, पिशवी मोरीत ठेवायचो आणि हातपाय धुवायला जायचो. निवडायची बायको. चिमट्यानं एकेक उचलायची आणि तिथूनच ओरडायची, "हाई शिंगी शे! तुमले दिसत नही का?" मी म्हणायचो, "दिसते ना." दिसत काही नव्हती. पुरुषाचं काम धरायचं, बाईचं काम निवडायचं, असं आमच्या घरात चालत आलं होतं. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

ती मागच्या वर्षी गेली. घरात बसवेना म्हणून मी पुन्हा गळ काढला. आमच्या उधन्याहून बस धरायची, कामरेजच्या अलीकडे उतरायचं, नदीचं पाणी जिथं साचून राहतं तिथं गांडूळ लावून बसायचं. कुणाशी बोलावं लागत नाही.

या पावसाळ्यात सूनबाईला सातवा महिना लागला. दवाखान्यात रक्त कमी सांगितलं. मांगूर खाल्ला की रक्त भरतं असं बायको म्हणायची. मग मी दुसरं काही धरायचंच नाही असं ठरवलं. तीन दिवस रिकामा आलो. चौथ्या दिवशी दोन मिळाले, वीतभर लांब. काळ्या बादलीत सोडले, वर ओलं गोणपाट टाकलं. या माशांना चिखलाचा वास असतो. दोन दिवस स्वच्छ पाण्यात जिवंत ठेवले की वास जातो, मग कापायचे.

सूनबाईनं विचारलं, "आबा, हे मांगूरच ना?"

"मग काय देवमासे आहेत?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी बदलायला गेली. मी ओट्यावर चहा पीत होतो. आतून असा आवाज आला की माझ्या हातातली बशी पडली. ती मोरीत बसलेली, उजवा हात डाव्या हातानं दाबून धरलेला. गोणपाट अर्धवट सरकलेलं. अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात एक भोक, त्यातून रक्ताचा थेंब.

"आबा, काहीतरी चावलं."

"मासा टोचला असेल. मांगूरच आहे, काही होत नाही."

असं म्हणालो खरा, पण पाच मिनिटांत हात मनगटापर्यंत सुजला. ती घामानं भिजली. वेदना खांद्यापर्यंत चढली म्हणाली आणि मग ओकली. एका हातानं पोट धरून बसली होती. ते पोट बघून मी पोराला हाक मारली. त्याची पाळी रात्रीची होती, तो नुकताच येऊन झोपला होता. तसाच उठून त्यानं रिक्षा आणली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. गुजरातीत बोलायची, सावकाश, मला कळावं म्हणून. हात बघितला, भोक बघितलं. "कुठला मासा, काका?"

"मांगूर."

"पाक्कू ने? नक्की?"

"हो."

तिनं कपाळाला आठी घातली. "मांगूरनं एवढं होत नाही सहसा. बादली कुठं होती? मोरीत? पावसाळा आहे, बाजूला गटार असेल. मासाच होता, हे बघितलं का कुणी? साप नव्हता कशावरून?"

सूनबाई म्हणाली तिनं बघितलं नाही, गोणपाटाखाली हात घातला एवढंच. आणि मला आठवलं, आठ दिवसांपूर्वी आमच्याच गल्लीत गटारातून साप निघाला होता. लोकांनी काठ्या घेऊन गर्दी केली होती, मी पण गेलो होतो.

डॉक्टरीण पोराला सांगत होती. सापावरचं इंजेक्शन आहे, पण त्याचीच कुणाकुणाला उलटी बाधा होते, आणि हिच्या पोटात मूल आहे. उगीच द्यायचं नाही. साप असेल तर उशीरही करायचा नाही. रक्त काढून नळीत ठेवलंय, वीस मिनिटांत गोठतं का बघू, नाही गोठलं तर साप. पण सगळे साप त्यात कळत नाहीत. मध्येमध्ये ती सूनबाईला म्हणायची, डोळे उघड, माझ्याकडे बघ, पापण्या जड वाटतात का?

मग माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही मासे धरता. नीट सांगा. मांगूर होता की दुसरा कुठला?"

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आयुष्यात पुष्कळ जागी मला माहीत नाही म्हणावं लागलं, त्याची लाज कधी वाटली नाही. पण माशाचं माहीत नाही हे म्हणायला जीभ उचलेना. भिंतीला धरून म्हणालो, "मला माहीत नाही."

पोरगा फिरला. "माहीत नाही? चाळीस वर्षं मासे धरताय आबा!"

"धरले. ओळखले तुझ्या आईनं."

त्यानं माझ्याकडे पाठ केली. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरीण म्हणाली, "घरी जा. बादली रिकामी करा, आत काय आहे ते बघा. लवकर. आणि हात घालू नका."

रिक्षा किती वेळ चालली कुणास ठाऊक. वर्षापूर्वी दवाखान्यातल्या बाकावर बसून मी बायकोची वाट बघितली होती आणि ती आली नव्हती. आता दोन जीव होते, आणि दोन्ही माझ्या एका शब्दावर टांगलेले. मी तोंडातल्या तोंडात म्हणत होतो, मासा असू दे, मासाच असू दे. मासा असावा म्हणून असा कुणी नवस केला नसेल.

शेजारी ओडिशाची एक बाई राहते, नवरा कापडाच्या लूमवर कामाला आहे. दार उघडंच होतं. मी ओरडलो, "बेन, जरा या!" ती पिठाचे हात घेऊन आली. आम्ही बादली उचलून ओट्यावर उन्हात आणली. मी हळूहळू कलती केली. पाणी गेलं. गोणपाट काठीनं उचललं, झटकलं. मोरीत बघितलं, दगडाखाली बघितलं, गटाराच्या जाळीवरची वीट जागेवर होती. साप नव्हता. दोन काळे मासे ओट्यावर वळवळत होते. मला ते एकसारखेच दिसले.

"यह कौन सा है?" मी विचारलं.

ती हसली. "काका, मछली वाले होके हमसे पूछते हो?" मग माझा चेहरा बघून हसू थांबवलं. चिमटा घेऊन खाली बसली. "पीठ देखो. इसका पंख गर्दन से पूँछ तक है. यह मांगूर. और इसका? पीठ पे एक चिंदी, बस. यह सिंघी. इसको हाथ लगाया क्या किसी ने?"

"बहूने."

"हाय राम. गरम पानी में हाथ डुबाओ उसका. जितना सह सके उतना गरम. जल्दी."

एवढंच होतं ते. पाठीवरचा पर एकाचा लांब आणि एकाचा आखूड. लहान मुलाला दाखवलं तरी कळेल, आणि मी चाळीस वर्षं हातपाय धूत राहिलो.

तिनं चिमट्यानं दोन्ही मासे प्लास्टिकच्या बरणीत टाकले, झाकण घट्ट लावलं. परतीच्या रिक्षावाल्यानं दोनदा आरशात बघितलं. "काका, अंदर क्या कूद रहा है?"

"तू गाडी चालव."

डॉक्टरीणबाईच्या टेबलावर बरणी ठेवली आणि पाठ दाखवली. लांब, मांगूर. आखूड, शिंगी. साप कुठंच नाही, गटाराची जाळी बंद. गरम पाण्याचंही सांगितलं. माझा आवाज एवढा मोठा झाला की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. ती म्हणाली, "रक्त गोठलंय. पापण्या ठीक आहेत. आता हेही जुळलं." नर्सनं तसराळ्यात गरम पाणी आणलं. आधी स्वतःचा हात घालून बघितला, मग सूनबाईचा बुडवला. दुखणं थांबायची सुई तेवढी दिली, पण सापाची नाही.

अर्ध्या तासानं सूनबाईचं कण्हणं थांबलं. माझं थांबेना. पोरगा बाजूला येऊन बसला, पाण्याची बाटली पुढं केली. सूनबाईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आबा, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही."

"गप पड तू."

मग एक लहानसं यंत्र आणलं. डॉक्टरीणबाईनं ते तिच्या पोटावर टेकवलं, इकडं सरकवलं, तिकडं सरकवलं. नुसती खरखर. तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. मग आवाज आला. धडधड धडधड, एवढा जोरात पळणारा की मी बाकावरून उठलोच.

"डॉक्टरीणबाई, भ्यालंय का ते?"

"नाही काका," ती म्हणाली. "पोटातल्या बाळांचं काळीज असंच पळतं. सगळ्यांचं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. बसा आता."

मी बसलो. तिला म्हणालो, "यंत्र काढू नका, जरा राहू द्या."